माणसांवर टांगलेले शब्द

४ ऑगस्ट

धाकटीचं गणित चांगलं आहे, विज्ञान चांगलं आहे, इंग्रजीच्या नावाने मात्र आनंद आहे. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी शब्दांचा वेगळा भाग असतो. साठ प्रश्न, आणि शब्द असे की ते बोलणारा माणूस मी तरी आयुष्यात पाहिलेला नाही. सराव परीक्षेत तिला साठापैकी एकोणीस मिळाले. "ताई, डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी पंधरा आले असते," असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

जेवताना मी सगळ्यांना सांगून टाकलं की परीक्षा एप्रिलमध्ये आहे आणि आजपासून हा विषय माझ्याकडे. सकाळी साडेपाच ते सात, संध्याकाळी मी कामावरून आले की पुन्हा दीड तास, रविवारी दोन्ही वेळा. बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "तिला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं? परीक्षा तिचीच आहे."

मला ही परीक्षा आतून माहीत आहे. ज्या वर्षी मी देणार होते त्या वर्षी आई आजारी पडली आणि माझं राहिलं ते राहिलंच. आज एकतिसाव्या वर्षी मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जुन्या फायली शोधून देते. धाकटीचं असं होता कामा नये. काय काय केलं याची नोंद असावी म्हणून ही वही सुरू करते आहे.

७ ऑगस्ट

बुटांचं खोकं घेतलं आणि आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून पाच कप्पे केले. रोज, दिवसाआड, आठवड्याने, पंधरा दिवसांनी, आणि शेवटचा 'पाठ'. शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला की कार्ड एक कप्पा पुढे, चुकला की कुठूनही थेट पहिल्यात. दयामाया नाही. 'पाठ'मध्ये गेलेलं कार्ड पुन्हा काढायचं नाही, कारण ते डोक्यात पक्कं बसलं असं धरायचं.

कार्डांसाठी आमच्या विभागातल्या रद्दीतली फायलींची कव्हरं आणली. एका कव्हरात बारा कार्डं बसतात. रोग्यांची नावं लिहिलेला भाग कापून टाकला. धाकटी म्हणाली, "कुणाच्या तरी अपेंडिक्सवर मी इंग्रजी शिकणार." तिला प्रत्येक गोष्टीत विनोद दिसतो.

१९ ऑगस्ट

बारा दिवसांत दोनशे शब्द आणि लक्षात राहिलेले साठ. 'पार्सिमोनिअस' अकरा वेळा पहिल्या कप्प्यात परत आला. मी चिडले. शेवटी म्हटलं, अगं, काकांना डोळ्यांसमोर आण. आपल्याकडे आले की पंखा पाचवर ठेवायला सांगतात आणि आपण त्यांच्याकडे गेलो की खिडकी उघडतात. पार्सिमोनिअस म्हणजे कंजूष, म्हणजे काका.

धाकटी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर तो शब्द एकदाही चुकला नाही.

मग सापडलीच युक्ती. शब्द नुसता ठेवायचा नाही, माणसावर टांगायचा. 'लोक्वेशस' म्हणजे मावशी, जी "निघते हं" म्हटल्यावर दारात पाऊण तास बोलते. 'लेथार्जिक' म्हणजे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, जे आरामखुर्चीतून दिवसभर हलत नाहीत. 'ऑब्स्टिनेट' बाबांना दिला, ते कानाचं यंत्र आणूनही लावत नाहीत म्हणून. कार्डाच्या पाठीमागे अर्थ आणि त्याखाली माणूस लिहायचा असा नियम केला. आई म्हणाली, "सगळ्यांची अब्रू काढताय बसून."

"इंग्रजीत काढतोय आई, कुणाला कळत नाही."

२ सप्टेंबर

चारशे वीस शब्द. एक अडचण लक्षात आली आहे. वाईट शब्द चटकन पाठ होतात, चांगले होत नाहीत. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे मोठ्या मनाचा, यावर कोणाला टांगायचं? मी आणि धाकटी बराच वेळ विचार करत बसलो. ती म्हणाली, आईला टांगू. मी म्हटलं, आई मोठ्या मनाची नाही, तिला भांडणाचा कंटाळा आहे. शेवटी शब्द तसाच मोकळा ठेवला आणि तो सहा दिवस चुकत राहिला.

मी चांगले शब्द तात्पुरते बाजूला ठेवले आहेत. परीक्षेत वाईटच जास्त येतात.

२१ सप्टेंबर

रविवार. धाकटीच्या मैत्रिणी तिला पोहायला बोलवायला आल्या होत्या. दर रविवारी जायची, मागच्या महिन्यापासून बंद आहे. मी दारातच सांगितलं की ती अभ्यासात आहे, एप्रिलनंतर या. त्यांतली एक म्हणाली, "काकू, एकच तास." काकू! मी एकतीस वर्षांची आहे.

आत आले तर धाकटी माझ्याकडे पाठ फिरवून बसली होती. म्हणाली, "तू मला विचारायचं तरी."

"काय म्हणाली असतीस?"

"जाते म्हणाले असते."

"म्हणूनच नाही विचारलं."

त्या दीड तासात तिने बावीस शब्द चुकवले. मुद्दाम. मला मुद्दाम केलेलं कळतं.

८ ऑक्टोबर

आज धाकटीने प्रस्ताव मांडला. म्हणाली, "ताई, तू टांगलेली माणसं माझ्या हातून पडतात. ती तुझ्या रागाची माणसं आहेत. मला माझी टांगू दे." यापुढे कार्डं ती लिहिणार, मी शब्दांच्या वेगळ्या वहीतून विचारणार, आणि ती उत्तर देऊन कार्ड स्वतः पुढच्या कप्प्यात टाकणार. पाठीमागे कोण लिहिलंय ते मी बघायचं नाही, असं तिने वचन घेतलं. म्हटलं घे. मला काय, शब्द आला म्हणजे झालं.

तसं बघितलं तर माणसावर टांगायची मूळ कल्पना माझीच.

३० ऑक्टोबर

दिवसाला तीस शब्द! कार्डं सरसर पुढे सरकताहेत. मी विचारते आणि ती एका क्षणात सांगते, कधीकधी सांगताना ओठ दाबून हसू आवरते. कोणाचा नंबर लागला असेल कोण जाणे. बहुतेक काकांचाच.

१६ नोव्हेंबर

सराव परीक्षेत साठापैकी चौतीस. मला ताप होता तरी सकाळी उठले. धाकटी म्हणाली, "आज राहू दे ना, झोप तू." मी म्हटलं, परीक्षेला ताप कळत नाही. आईने कपाळाला हात लावून बघितला आणि दुधाचा पेला ठेवून गेली. मी पांघरूण घेऊनच चाळीस शब्द विचारले. ती दोन चुकली.

९ डिसेंबर

आमच्याकडचा एक्स-रेवाला जुनी फाईल मागायला आला आणि माझ्या टेबलावर शब्दांची वही बघून थबकला. हा माणूस एरवी काळ्या फिल्मशिवाय कशाकडे बघत नाही. त्याला सगळी पद्धत सांगितली, कप्पे, माणसं, सगळं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही स्वतः का नाही दिलीत ही परीक्षा?" मी नेहमीचं सांगितलं, आईचं आजारपण वगैरे. तो हळहळला.

या वहीत खरं लिहायला हरकत नाही, ही कोणी वाचत नाही. मी परीक्षेला बसले होते. आईमुळे मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून गेली. बसलेच नाही म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत, एवढाच फरक.

४ जानेवारी

एक्केचाळीस!! धाकटीला मी मिठी मारली. तीही थोडी हसली. संध्याकाळी तिला सुट्टी दिली तर ती पोहायला गेली नाही, नुसती पलंगावर आढ्याकडे बघत पडून राहिली. मी विचारलं, जात का नाहीस? म्हणाली, "आता त्या बोलवत नाहीत."

तिचंही बरोबर आहे, वेळ वाचला.

१८ जानेवारी

परीक्षेचा फॉर्म भरला. त्यातच कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. आमचं आधीच ठरलंय की नदीपलीकडचं कॉलेज पहिलं. बसने अर्धा तास. सकाळी मी तिला तिथे सोडून कामावर जाऊ शकते आणि संध्याकाळी येताना घेऊन येऊ शकते. त्यांचं ग्रंथालय बाहेरच्या लोकांना शनिवारी खुलं असतं अशी चौकशीही केली आहे. म्हणजे शनिवारी मलाही जाता येईल. कॉलेजच्या आवारात शिरून एका टेबलावर पुस्तक उघडून बसायचं, एवढंच. कोणी विचारलं तर सांगायचं, बहीण इथे शिकते.

फॉर्म धाकटीनेच भरला. मी तेव्हा उलट अर्थाच्या शब्दांची यादी करत होते. पालकांची सही बाबांनी केली. बाबांनी चष्मा लावून, पानं उलटून, सगळं वाचून सही केली, याचं मला नवल वाटलं, कारण ते एरवी विजेचं बिलसुद्धा वाचत नाहीत.

१५ फेब्रुवारी

एकोणीसशे शब्द. 'पाठ'चा कप्पा इतका भरला की खोक्याला दोरी बांधावी लागली.

२ मार्च

आज जे झालं ते लिहू का नको, असं दुपारपासून चाललं आहे.

धाकटी शाळेत जादा तासाला गेली होती. मला वाटलं, 'पाठ'मधले शब्द खरंच पाठ आहेत का याची एकदा अचानक तपासणी घ्यावी. म्हणून कार्डं काढून यादी करायला बसले. माणसं न बघण्याचं वचन होतं, पण कार्ड उलटंच हाती आलं तर डोळे काय मिटून घ्यायचे?

ओव्हरबेअरिंग. दुसऱ्यावर सतत दडपण आणणारी. ताई.

मला वाटलं, एखादं असणारच. मीही तिच्यावर 'नेग्लिजंट', म्हणजे निष्काळजी, टांगला होता. पुढचं बघितलं. 'अ‍ॅसर्बिक', बोलणं झोंबणारी, ताई. 'सेल्फ-राइटिअस', आपलंच बरोबर मानणारी, ताई. 'व्हिन्डिक्टिव्ह', डूख धरणारी, ताई. मग मी सगळा कप्पाच जमिनीवर ओतला. बहुतेक कार्डांवर सिनेमातली नाहीतर पुस्तकातली माणसं होती. घरच्यांत काकांवर तीन, मावशीवर पाच, बाबांवर चार. माझ्यावर सत्तावीस.

सगळी इथे उतरवणार नाही. काही उतरवते.

इन्डिफॅटिगेबल. कधीही न थकणारी. ताई, अंगात ताप असताना साडेपाच वाजता. हा टोमणा आहे.

फोर्लॉर्न. एकटी पडलेली. ताई, मला यायला उशीर होतो तेव्हा गॅलरीत. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला उभी असते.

व्हायकेरिअस. दुसऱ्याच्या आयुष्यातून आपलं जगणारी. शिकते मी, परीक्षा ताई देते.

आणि हे एक. फॅब्रिकेट. रचून सांगणे. ताई आणि आईचं आजारपण.

हे तिला आईनेच सांगितलं असणार. मी परीक्षेला बसले तेव्हा धाकटी जेमतेम तीन वर्षांची होती, तिला काय कळतंय. ठीक आहे, तर मग आता सगळंच लिहिते. त्या वर्षी आईचा पाय मुरगळला होता. चार दिवस. मला शब्दांच्या भागात सतरा मिळाले. पुढच्या वर्षी मी पुन्हा बसले, तेव्हा आई ठणठणीत होती, आणि मला सोळा मिळाले. घरात कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. आईचं आजारपण मी पहिल्यांदा मावशीला सांगितलं तेव्हा आई शेजारीच बसली होती, आणि तिने मान डोलावली.

कार्डं पुन्हा खोक्यात भरली. आज माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचा तरी मनापासून तिरस्कार केला, आणि तो कोणाचा ते मला नीट सांगता येत नाही.

३ मार्च

सकाळी साडेपाचला बसलो. मी वही उघडली नाही. तोंडानेच विचारत गेले.

"ओव्हरबेअरिंग."

"दुसऱ्यावर दडपण आणणारा."

"अ‍ॅसर्बिक."

"बोलणं झोंबणारा."

"व्हिन्डिक्टिव्ह."

इथे ती जरा थांबली. "डूख धरणारा. ताई, हे तर 'पाठ'मधले आहेत."

"सेल्फ-राइटिअस."

"आपलंच बरोबर मानणारा."

"व्हायकेरिअस."

तिने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत होते. ती म्हणाली, "तू कार्डं बघितलीस."

"कसली कार्डं?"

"ताई."

"मी कुठलीही कार्डं बघितलेली नाहीत. व्हायकेरिअस. अर्थ सांग."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "ताई, मी ते लक्षात राहावं म्हणून... तूच म्हणालीस ना, वाईट शब्द लवकर पाठ होतात. आणि मला रोज समोर तूच दिसतेस गं. दुसरं कोण दिसतं मला? तू मला कोणाला भेटूच देत नाहीस."

"अर्थ येत नसेल तर कार्ड पहिल्या कप्प्यात टाक."

तिने अर्थ सांगितला. बरोबर सांगितला. मग सात वाजेपर्यंत मी इतर शब्द विचारले आणि ती सांगत गेली. आई दारात येऊन उभी राहिली होती, ती परत गेली.

५ मार्च

सत्तावीस कार्डं मी खोक्यातून काढून घेतली. शब्दांच्या वहीतूनही ते शब्द खोडले. ज्या शब्दांचा तिला इतका आनंद होतो ते तिने माझ्याशिवाय आठवून दाखवावेत. परीक्षेला दीड महिना आहे आणि दीड महिन्यात माणूस काय काय विसरतो.

कार्डं कामावर नेली. कुठे ठेवणार? टेबलाच्या खणात सगळे हात घालतात. शेवटी एका कोऱ्या कव्हरात घालून, वर माझं नाव लिहून, फायलींच्या रांगेत लावून दिली. सबंध रेकॉर्ड विभागात माझ्या नावाची फाईल नव्हती. आता आहे.

हे वाईट केलं का? केलं. लिहून ठेवते, म्हणजे नंतर रचून सांगायला नको.

२० मार्च

एकोणपन्नास. ती अभ्यास करते, मी विचारते. आमच्यात आता शब्द सोडून बोलणं नाही. खोक्याला दोरी बांधायची गरज राहिलेली नाही, सत्तावीस गेल्यावर झाकण जेमतेम बसतं. तिच्या लक्षात आलं असेल का? आलं असेल तर तिने विचारायला हवं होतं. मी सांगितलं असतं. बहुतेक.

१६ एप्रिल

परीक्षा झाली.

मी तिला सोडायला गेले आणि तीन तास फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसले. आजूबाजूला इतरांचे आईबाप होते. एकीने विचारलं, "मुलगी का?" मी म्हटलं, बहीण. ते सत्तावीस शब्द एकामागून एक डोळ्यांसमोर येत होते आणि मी देवाला म्हणत होते, यातला एकही येऊ देऊ नकोस. पहिल्यांदाच मला कळलं की मी काय करून बसले आहे. एका गुणाने लोकांची वर्षं जातात, हे मला कोणी सांगायला नको.

ती बाहेर आली ती हसत. इतक्या महिन्यांत तिला अशी बघितली नव्हती. माझा दंड धरून म्हणाली, "ताई, अगं व्हिन्डिक्टिव्ह आला! आणि व्हायकेरिअस, आणि फोर्लॉर्न. ओव्हरबेअरिंग तर दोनदा, एकदा उलट अर्थाला. सहा शब्द आले त्यातले."

"त्यातले म्हणजे कशातले?"

तिने माझा दंड सोडला. मग हळू आवाजात म्हणाली, "तू काढलेल्यातले."

मी विचारलं, "आले का मग?"

"विचारसुद्धा करावा लागला नाही. बाकीच्यांना थांबून माणूस आठवावा लागत होता. या सहांना नाही लागला."

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, लहानपणी झोपायची तशी. ती दमली होती. मी सगळा वेळ ताठ बसून होते.

२८ मे

साठापैकी छप्पन्न! एकूण यादीत पहिल्या शंभरात. मावशीचा फोन आला आणि ती पन्नास मिनिटं बोलली. काका स्वतः आले, पंखा पाचवर लावून बसले आणि म्हणाले, "घराण्याचं नाव काढलंस." सगळे धाकटीचं कौतुक करत होते. धाकटी मात्र सगळ्यांसमोर म्हणाली, "हे ताईचं आहे." काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

हे ताईचं आहे. यातही टोमणा असेल का, याचा विचार करते आहे.

६ जून

कॉलेज लागलं. नदीपलीकडचं नाही. तिकडे दूरचं, जिथे जायला दीड दिवस रेल्वेत बसावं लागतं.

मला वाटलं चूक झाली. कागद घेऊन बाबांकडे गेले. बाबांनी कानाचं यंत्र लावलं, म्हणजे त्यांना आज ऐकायचं होतं. म्हणाले, "चूक नाही. तिने तेच पहिलं लिहिलं होतं. मी वाचूनच सही केली."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू बदलायला लावलं असतंस."

आईकडे बघितलं. आई भाजी निवडत होती. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. म्हणजे घरात चौघं, आणि तिघांना जानेवारीपासून माहीत होतं. मी पाच महिने शनिवारच्या ग्रंथालयाचा विचार करत होते आणि हे तिघं माझ्याकडे बघत जेवत होते.

धाकटीला विचारलं, "जवळचं काय वाईट होतं?"

ती म्हणाली, "काही वाईट नव्हतं. जवळचं होतं."

२६ जून

उद्या ती जाणार. सामान मी भरलं. तिला कपड्यांच्या घड्या घालता येत नाहीत. सगळं झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, सुट्टी काढून तिकडे ये ना. चार दिवस."

"तिथे माझं काय काम?"

"काम नसताना ये."

मला कळलं नाही हे. काम नसताना कोणी दीड दिवस प्रवास करून कुठे कशाला जाईल? मी म्हटलं, बघू. ती उठून गेली.

खोकं आणि कार्डं ती नेणार नाही. मी विचारलं तर म्हणाली, "नको, सगळं येतं मला."

५ जुलै

पोहोचली. दर रविवारी फोन करायचं तिने ठरवलंय. आधी आईशी, मग बाबांशी, शेवटी माझ्याशी. "ताई, कशी आहेस? जेवलीस? तब्येत बरी?" आमच्या हॉस्पिटलात नर्स हे तीन प्रश्न विचारतात, याच क्रमाने. आज म्हणाली, तिथे तलाव आहे आणि ती रोज पोहायला जाते. मी विचारलं, अभ्यास कधी करतेस मग? मग ती म्हणाली, "ठेवू का?"

सकाळी साडेपाचला जाग येते. आई म्हणते, झोप अजून तासभर. झोप येत नाही. मी आवराआवर करते, कपडे वाळत घालते, गॅलरीत थांबते.

१४ जुलै

काही विशेष नाही.

२१ जुलै

एक्स-रेवाला आज त्याच्या मुलीला घेऊन आला. अकरा वर्षांची आहे, दोन वेण्या, सारखी पायाने जमिनीवर ताल धरते. गाण्याच्या क्लासला जाते म्हणे. तो म्हणाला, "बाई, तुमच्या बहिणीला तुम्हीच घडवलंत असं सगळं हॉस्पिटल म्हणतंय. हिलाही घ्या हाताखाली. आतापासून सुरुवात झाली तर बरं."

मी हो म्हणायच्या आधीच मनात हिशोब झाला होता. परीक्षेला सहा वर्षं आहेत. धाकटीच्या वेळी जेमतेम आठ महिने मिळाले, म्हणून घाई झाली आणि चुका राहिल्या. सहा वर्षांत पाच हजार शब्द सहज होतील. मुलगी हुशार दिसते. दोन शब्द सांगून बघितले, लगेच म्हणून दाखवले. मला विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू?"

"ताई म्हण."

तिचे वडील खूश झाले. संध्याकाळी नवीन खोकं आणलं, कप्पे केले, कव्हरं कापून दीडशे कार्डं तयार ठेवली. उद्यापासून सकाळी साडेपाच ते सात आणि संध्याकाळी दीड तास, त्यांचं घर इथून तीन मिनिटांवर आहे. गाण्याचा क्लास संध्याकाळी त्याच वेळेला असतो, तो बंद करायला वडिलांना सांगितलं आहे. रविवारी दोन्ही वेळा. मैत्रिणी परीक्षेनंतर.

आणि या खेपेला सगळी कार्डं मी लिहिणार. तिच्या हातात पेन द्यायचं नाही.